कोंबडीच्या पोटांतील सूक्ष्म जंतु

बुलढाणा जिल्ह्यांतील पिंपळगाव राजा काय किंवा वऱ्हाडांतील दुसरें कोणतेंहि गांव काय, परसांत कोंबडी पाळण्याची जुनी रीत सर्वत्र सारखीच आहे. कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिच्याखालीं अंडीं ठेवावयाचीं, एकवीस दिवस तिनें तीं उबवावयाचीं, आणि पिल्लें बाहेर पडलीं कीं त्यांनीं आईच्या मागोमाग उकिरडा उकरीत हिंडावयाचें. या हिंडण्यांत पिल्लांना दाणे व किडे तर मिळतातच. पण आईच्या विष्ठेंतून आणि तिनें उकरलेल्या मातींतून एक अदृश्य वारसाहि मिळतो. तो म्हणजे तिच्या आंतड्यांत नांदणाऱ्या असंख्य सूक्ष्म जंतूंचा. हा वारसा किती मोलाचा, हें शास्त्राला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कळलें. आणि कळलें तेंहि तो तुटल्यानंतर.

यंत्रांत अंडीं उबवूं लागल्यावर हें नातें तुटलें. उबवणीगृहांत अंडें स्वच्छ केलेलें, तबक निर्जंतुक केलेलें, आणि आई मात्र कोठेंच नाहीं! तेथें जन्मलेलें पिल्लूं पेटींत बसून दूरच्या शेडमध्यें जातें. त्याचें आंतडें पडीक जमिनीसारखें असतें. जो जंतु पहिला येईल, तो तेथें ठाण मांडतो. महाराष्ट्रांत १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं पुण्यास व्यंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था स्थापिली, आणि पुढें नव्या पद्धतीचें कुक्कुटपालन देशभर फोफावलें. अंडें सामान्य कुटुंबाच्या आटोक्यांत आलें, हा त्याचा लाभ नाकारतां येणार नाहीं. परंतु हजारों पिल्लें एका छपराखालीं आलीं म्हणजे एकाचा रोग साऱ्यांचा होण्यास वेळ लागत नाहीं.

पाश्चात्त्य देशांत अशी दाटी आधींच सुरू झाली होती, आणि तिला सोयीचें असें एक साधन तेथें योगायोगानेंच हातीं आलें. अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत आंध्रांतील डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे संशोधनाचे प्रमुख असतांना बेंजामिन डगर यांनीं ऑरिओमायसिन हें औषध शोधून काढलें. १९४८ सालीं तें जगापुढें आलें. त्याच प्रयोगशाळेंतील स्टॉकस्टॅड व ज्यूक्स हे कोंबड्यांच्या खाद्यासाठीं बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त पुरवठा शोधीत होते. ऑरिओमायसिन तयार करतांना उरणारा चोथा त्यांनीं पिल्लांस चारला, तों पिल्लें अपेक्षेहून झपाट्यानें वाढलीं. ही करामत जीवनसत्त्वाची नसून चोथ्यांत राहिलेल्या औषधाची आहे, हें १९५० पर्यंत उघड झालें. १९५१ सालीं अमेरिकन सरकारनें अशीं औषधें पशुवैद्याच्या चिठ्ठीवांचून खाद्यांत मिसळण्यास परवानगी दिली, आणि ती प्रथा दूरवर पसरली. इकडे भारतांत पेनिसिलीन बनविण्यासाठीं १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभारावा लागला. इतकें तें औषध माणसांसाठीं दुर्मिळ होतें. तिकडे निरोगी पक्ष्याला, केवळ तो लवकर भरावा म्हणून, रोज चिमूटभर औषध!

धोक्याची सूचना मात्र आधींच मिळालेली होती. अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषध पचवावयास शिकतात, असें अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत बजाविलें होतें. १९६९ सालीं ब्रिटनमधील स्वान समितीनें माणसांच्या उपचारांस लागणारीं प्रतिजैविकें पशुखाद्यांत वाढीसाठीं मिसळूं नयेत, अशी शिफारस केली. अमेरिकेंतील स्टुअर्ट लेव्ही यांचा प्रयोग १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. एका शेतावरील कोंबड्यांस टेट्रासायक्लीन मिसळलेलें खाद्य दिलें. आठवड्याभरांत त्यांच्या आंतड्यांतील बहुतेक जंतु त्या औषधाला दाद देईनासे झाले, आणि कांहीं महिन्यांत तसेच जंतु त्या शेतावरील माणसांतहि सांपडूं लागले.

दुसरी वाट फिनलंडनें दाखविली. तेथें १९७१ सालीं मांसासाठीं वाढविलेल्या कोंबड्यांत साल्मोनेला जंतूचा मोठा प्रादुर्भाव झाला. एस्को नुर्मी व रांताला यांनीं निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आंतड्यांतील द्रव्य नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांस पाजलें, आणि त्या पिल्लांत साल्मोनेलाला थारा मिळेनासा झाला. १९७३ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. त्यांतील मर्म साधें आहे. हितकर जंतु आंतड्याच्या भिंतीवरील जागा आधींच अडवितात, अन्नांश खाऊन टाकतात आणि अम्लें निर्माण करून शत्रूला प्रतिकूल वातावरण तयार करितात. पुढें अमेरिकन कृषिखात्याच्या शास्त्रज्ञांनीं अशा २९ प्रकारच्या जंतूंचें मिश्रण सिद्ध केलें. पिल्लांवर फवारावयाच्या त्या मिश्रणास १९९८ सालीं मान्यता मिळाली. आईनें फुकट दिलेली देणगी आतां बाटलींतून विकत घ्यावी लागली! तिच्या जोडीला यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून काढलेल्या शर्करा व सेंद्रिय अम्लें हींहि खाद्यांत आलीं.

औषध काढून घेतल्यास धंदा बुडेल, ही भीति साहजिक होती. स्वीडननें १९८६ सालीं वाढीसाठीं प्रतिजैविकें वापरण्यास बंदी केली. डेन्मार्कच्या कुक्कुटपालकांनीं १९९८ सालीं आपण होऊन तीं सोडलीं. तेथें मांसाचें उत्पन्न घटलें नाहीं, खाद्याचा खर्च तेवढा किंचित् वाढला. १ जानेवारी २००६ पासून साऱ्या युरोपीय संघानें हीच बंदी लागू केली. भारत सरकारनें जुलै २०१९ मध्यें कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठीं पाळलेल्या प्राण्यांतील वापर बंद केला. दुसरीं औषधें हरल्यावर रुग्णालयांतील अत्यवस्थ रोग्यासाठीं हें शेवटचें शस्त्र उरतें, हें त्याचें कारण.

मात्र हितकर जंतु म्हणजे रामबाण उपाय नव्हे. खाद्य, ऋतु व व्यवस्था यांप्रमाणें त्यांचा गुण कमीजास्त येतो. शेडमधील तूस ओलें आणि पाणी घाण असेल, तर कोणतीहि बाटली उपयोगी पडत नाहीं. आजारी पक्ष्याला पशुवैद्याच्या सल्ल्यानें औषध द्यावेंच लागतें. प्रश्न आहे तो निरोगी पक्ष्याला रोज औषध चारण्याचा. शेतकऱ्याचा जो थोडा खर्च वाढतो, त्याचा वांटा अंडीं विकत घेणाऱ्या शहरांतील कुटुंबांनींहि आनंदानें उचलला पाहिजे. कारण त्या चार पैशांत त्यांच्याच लेंकरांच्या उपचारांचीं औषधें राखलीं जात आहेत.