सहावे चित्र

शाळेत आमच्या वर्गात एक स्थूल मुलगा होता. सगळे त्याला ‘ढोल्या’ म्हणत. मीही म्हणत असे. तो हसायचा, म्हणून त्याला काही वाटत नाही, अशी आमची समजूत. नववीत त्याने मैदानावर येणे सोडले, मग आमच्यात डबा खायला बसणेही सोडले. मुलांमधला लठ्ठपणा आणि नैराश्य यांच्या नात्याचा इतिहास वाचताना मला तो पुन्हा पुन्हा आठवला.

हिल्डे ब्रूख या जर्मनी सोडलेल्या बालरोगतज्ज्ञ १९३४ मध्ये न्यूयॉर्कला आल्या. तिथे इतकी लठ्ठ मुले पाहून त्यांना नवल वाटले. डॉक्टर तेव्हा ग्रंथींना दोष देत. ब्रूखबाईंनी १९३७ पासून अशी मुले तपासली, तर बहुतेकांच्या ग्रंथी ठणठणीत निघाल्या. मग त्यांनी मुलांचे घर आणि मन पाहिले. जीव घाबरला, एकटे वाटले की मूल खाण्यात आधार शोधते, असे त्यांनी मांडले. मात्र ग्रंथींवरचा दोष त्यामुळे आईच्या माथी आला, हेही खरे.

घराबाहेरचे चित्र १९६१ मध्ये स्पष्ट झाले. अमेरिकी संशोधकांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांपुढे सहा चित्रे ठेवली : एक मूल धडधाकट, एक कुबड्या घेतलेले, एक चाकाच्या खुर्चीतले, एकाला हात नाही, एकाचा चेहरा विद्रूप आणि एक लठ्ठ. आवडीप्रमाणे क्रम लावायचा होता. लठ्ठ मूल सहावे आले. २००३ मध्ये हाच प्रयोग पुन्हा प्रसिद्ध झाला. मधल्या काळात लठ्ठ मुले कितीतरी वाढली होती; तरी त्यांच्याविषयीची नावड कमी न होता वाढलीच होती.

आधी काय, लठ्ठपणा की नैराश्य? २००२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात उदास किशोरांना वर्षभराने लठ्ठपणाचा धोका अधिक दिसला. २०१० मध्ये पंधरा अभ्यास एकत्र तपासले गेले. लठ्ठ व्यक्तींना नैराश्याचा धोका ५५ टक्क्यांनी, तर नैराश्यग्रस्तांना लठ्ठपणाचा धोका ५८ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे वाट दुहेरी आहे. चिडवले की मूल घरात बसते, खेळ सुटतो, झोप बिघडते, खाणे वाढते. वजन वाढले की पुन्हा चिडवणे. नैराश्यावरच्या काही औषधांनीही वजन वाढते.

म्हणून आईवडिलांनी काट्यावरचा आकडा पाहावा. पण मूल झोपते का, खेळायला जाते का, त्याला मित्र आहेत का, हेही विचारावे. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, तर डॉक्टरांकडे न्यावे. आणि घरात कुणी लाडाने ‘जाड्या’, ‘ढब्बी’ म्हणत असेल, तर ते आजच थांबवावे.

आमच्या त्या मित्राला मी नावाने हाक मारली असती, तर त्याचे वजन कदाचित घटले नसते. पण तो डबा खायला आमच्यात बसला असता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)