टॅफ व्हेलचा निकाल

दक्षिण वेल्समधील कोळसा कार्डिफ बंदराकडे नेणारी टॅफ व्हेल रेल्वे ही कांहीं मोठी कंपनी नव्हती. परंतु लोकशाही देशांतील कामगारांच्या संपाच्या अधिकाराचा इतिहास तिला वगळून सांगतां येत नाहीं.

ऑगस्ट १९०० मध्यें या रेल्वेच्या नोकरांनीं संप पुकारला. बोअर युद्धामुळें कोळशाला तेजी होती. पगार मात्र होते तेथेंच होते. वारंवार पगारवाढ मागणाऱ्या एका सिग्नलमनची कंपनीनें दुसऱ्या स्टेशनावर बदली केली, हें निमित्त झालें. कंपनीचे व्यवस्थापक अ‍ॅमन बीझ्ली मोठे हट्टी गृहस्थ. त्यांनीं बाहेरून बदली माणसें आणविलीं. तेव्हां कांहीं संपवाल्यांनीं रुळांना वंगण फासलें, गाड्यांचे डबे सोडविले. हा प्रकार समर्थनीय नव्हताच. अकरा दिवसांत संप मिटला. पण बीझ्ली यांनीं खुद्द रेल्वेनोकरांच्या संघटनेवरच दावा लावला.

कामगारांनीं एकत्र येण्यास बंदी करणारे कायदे इंग्लंडांत १८२४ सालीं रद्द झाले होते. १८७१ च्या कायद्यानें संघटनांना मान्यता मिळाली, १८७५ च्या कायद्यानें संपाकरितां एकजूट करणें हा फौजदारी गुन्हा राहिला नाहीं. तुरुंगाचें भय गेलें, तेव्हां संपाचा अधिकार मिळालाच असें कामगार समजून चालले. दिवाणी दाव्याची शंका फारशी कोणाला आली नव्हती.

न्यायमूर्ति फारवेल यांनीं कंपनीच्या बाजूनें कौल दिला. अपील कोर्टानें तो फिरविला. जुलै १९०१ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें तो पुन्हां कायम केला. नुकसानभरपाई व खर्च मिळून संघटनेला सुमारें ४२,००० पौंड मोजावे लागले. हा पैसा सभासदांच्या वर्गणीचा. मृत सभासदांच्या पोरक्या मुलांना साह्य मिळावयाचें तें अशाच गंगाजळींतून. म्हणजे संप करण्यास मनाई नाहीं, मात्र केला तर मुलांच्या तोंडचा घास जाणार!

सभांतून निषेध करण्यापेक्षां कामगारांनीं मतपेटीचा मार्ग धरला. १९०० मध्येंच स्थापन झालेल्या कामगार प्रतिनिधि समितीकडे प्रारंभीं अनेक संघटनांनीं पाठ फिरविली होती. निकालानंतर दोनच वर्षांत तिची सभासदसंख्या दुपटीवर गेली. १९०६ च्या निवडणुकींत तिचे २९ उमेदवार निवडून आले. सरकारचें स्वतःचें विधेयक बेताचें होतें. मुख्य प्रधान कँबेल-बॅनरमन यांनीं आपल्या कायदेपंडितांना बाजूस सारून कामगार पक्षाची मागणी उचलून धरली आणि त्याच वर्षाअखेर संघटनांना अशा दाव्यांपासून मुक्त करणारा कायदा झाला. लॉर्डांच्या सभेनेंहि तो अडविला नाहीं.

मात्र या कायद्यानें ‘संप हा हक्क आहे’ असें कोठेंहि म्हटलें नाहीं. दाव्यापासून केवळ अभय दिलें. फ्रान्सनें १९४६ सालीं संपाचा हक्क राज्यघटनेच्या प्रास्ताविकांतच नोंदविला. ब्रिटननें तसें केलें नाहीं, आणि १९८२ मध्यें पार्लमेंटनें संघटनांचें तें अभय बऱ्याच अंशीं काढून घेतलें.

या इतिहासाचा एक धागा हिंदुस्थानांतहि आला. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या तंट्यांत मालक कंपनीनें बी. पी. वाडिया व इतर पुढाऱ्यांवर असाच दावा लावला. तेव्हां कामगारांचे कैवारी ना. म. जोशी यांनीं १९२१ मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळांत ठराव मांडून संघटनांना कायद्याचें संरक्षण मागितलें. तें मिळावयास १९२६ साल उजाडलें, आणि तेंहि फक्त नोंदलेल्या संघटनांना.