रेडियमवाले आणि त्यांची दिवसाची नोकरी

रावेरमध्ये मोटारसायकलवर नाव टाकायचे असले, दुकानाच्या काचेवर अक्षरे लावायची असली किंवा ट्रकच्या कपाळावर मालकाच्या मुलीचे नाव हवे असले, की लोक रेडियमवाल्याचा पत्ता सांगतात. हा पत्ता सहसा असा असतो: अमुक शाळेत शिपाई आहे, पाचनंतर भेटेल. किंवा केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो, माल भरून झाला की घरीच असतो. कोणी विनाअनुदानित शाळेत शिक्षक आहे, कोणी मोबाइल दुरुस्त करतो, कोणी शेतीतून वेळ काढतो. घराच्या पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर कापणी करणारे यंत्र, शेजारी जुना संगणक आणि भिंतीला टेकवलेले रंगीत रोल. हा माणूस स्वतःची ओळख सांगताना नोकरी आधी सांगतो आणि रेडियम नंतर. "छंद आहे सर, बाकी काही नाही," असेही वर म्हणतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे गावातली अक्षरे वाचत चालण्याची मला सवय आहे. या अक्षरांमागे बसलेली माणसे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. पगार एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे ही रीत काही यंत्राबरोबर आलेली नाही. ती फार जुनी आहे आणि तिचा एक ठसठशीत पुरावा आपल्या शेजारीच उभा आहे.

भुसावळ-खंडवा लोहमार्गावर रावेरच्या पुढे बुरहानपूर लागते. तिथली जामा मशीद फारुकी राजा आदिलशाह याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. तिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे आणि त्यात फारुकी घराण्याची वंशावळ दिली आहे. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती आला आणि त्या विजयाचा लेखही याच मशिदीत कोरला गेला. त्या लेखाशी मीर मुहम्मद मासूम यांचे नाव जोडलेले आहे. हे मूळचे सिंधमधल्या भक्करचे. पेशाने अकबराचे मनसबदार, म्हणजे लष्करी नोकरीतले. वैद्यकी जाणत, 'नामी' या तखल्लुसाने फारसी शायरी करत, सिंधचा इतिहासही त्यांनी लिहिला. पुढे इराणच्या शाह अब्बासकडे वकील म्हणून गेले. आणि जिथे जिथे नोकरीने नेले, तिथे तिथे दगडावर लेख कोरवून घेतले. असीरगडावरही त्यांचा लेख आहे. पगार तलवारीचा, पण नाव राहिले ते अक्षरामुळे.

आणखी मागे गेलो तर बगदादचे इब्न मुकला भेटतात. ते अब्बासी खलिफांचे तीन वेळा वजीर झाले. राजकारणात हात तोडला गेला आणि ९४० मध्ये कैदेत मृत्यू आला. त्यांनी केलेला कारभार आज इतिहासाच्या अभ्यासकांशिवाय कोणाला ठाऊक नाही. पण अक्षराची उंची-रुंदी कलमाच्या नुक्त्याने मोजण्याची पद्धत त्यांच्या नावावर जमा आहे आणि खत्ताच्या वर्गात ती आजही शिकवतात. त्यांच्यानंतरचे मोठे खुशनवीस इब्न अल-बव्वाब. या नावाचा अर्थच दरवानाचा मुलगा. त्यांनी सुरुवात घरे रंगवण्यापासून केली होती.

आपल्याकडे विसाव्या शतकात हे काम ड्रॉइंग मास्तरांकडे आले. सकाळी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांची तयारी करून घ्यायची आणि संध्याकाळी दुकानाची पाटी रंगवायची. चुन्यात बुडवलेल्या दोरीने रेघ मारायची, खडूने अक्षर आखायचे, मग ऑइल पेंट भरायचा. शाळेचा सुविचार आणि बाजारातले किराणा दुकान एकाच वळणाच्या अक्षरात दिसायचे, कारण हात एकच असायचा. उर्दूत हीच जागा कातिबाची. लग्नाचा रुक्का, जलशाचे इश्तिहार, मशिदीतल्या वेळापत्रकाचा फलक तो लिहायचा आणि उरलेल्या वेळात मदरशात किंवा शाळेत शिकवायचा. मकबूल फिदा हुसेन यांचे मात्र उलटे होते. १९३० च्या दशकात मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवणे हीच त्यांची रोजी होती आणि स्वतःची चित्रे उरलेल्या वेळची. जगाने पुढे त्या उरलेल्या वेळेचीच किंमत केली.

मग यंत्र आले. त्याची कुळकथा तीन टप्प्यांची आहे. अमेरिकेत १९२६ मध्ये वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती शोधली. त्याला चिकटवण्यासाठी सिमेंटसारखा पदार्थ हवा होता, हाती लागले लवचीक प्लास्टिक. १९३५ मध्ये स्टँटन एव्हरी यांनी मागचा कागद सोलून चिकटवायची लेबले बाजारात आणली. तिसरे नाव जोसेफ गर्बर यांचे. व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू मुलगा १९४० मध्ये आईबरोबर अमेरिकेत निर्वासित म्हणून पोहोचला. वडील नाझींच्या हत्याकांडात गेले. त्यांनी पुढे कपडे कापणारी संगणकी यंत्रे केली आणि त्यांच्याच कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाट्यांची अक्षरे कापणारे यंत्र आणले. रावेरच्या पुढच्या खोलीतले यंत्र त्याच वंशातले.

आपण त्याला रेडियम का म्हणतो, हाही इतिहासच आहे. १८९८ मध्ये मेरी आणि पिअर क्युरी यांनी रेडियम शोधले. त्यापासून अंधारात चमकणारा रंग तयार झाला आणि घड्याळांच्या तबकड्यांवर आकडे रंगवायला तरुण मुली कामाला लागल्या. कुंचल्याला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरत. न्यू जर्सीतल्या अशा कित्येक मुली जबड्याच्या आणि हाडांच्या विकाराने गेल्या. पाच जणींनी लढलेला दावा १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. आजच्या रोलमध्ये रेडियमचा कणही नसतो. पण जे चमकते ते रेडियम, हा अर्थ आपल्या बोलीत राहून गेला. अक्षरे रंगवून पोट भरणाऱ्या त्या मुलींची आठवण या शब्दात नकळत टिकून आहे.

आता मूळ प्रश्न. यंत्र असूनही हे लोक नोकरी का सोडत नाहीत? कारण या कामावर वर्ष निघत नाही. दसरा-पाडव्याला नवी वाहने येतात, लग्नसराईत गाड्या सजतात, गणपती, ईद-ए-मिलाद आणि निवडणूक यांत चार दिवस जोर असतो. पावसाळ्यात रोल तसाच पडून राहतो. मोठ्या पाट्या फ्लेक्सने नेल्या. नंबर प्लेट हे हमखास काम होते, पण १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना एचएसआरपी प्लेट लागली, पुढे महाराष्ट्रात जुन्या वाहनांनाही ती सक्तीची झाली आणि ते कामही हातचे गेले. म्हणून नोकरी हा आधार आणि रेडियम हा जोड.

पण तो आधार तरी किती भक्कम? विनाअनुदानित शाळेतला शिक्षक पगाराची वाट पाहतच वर्षे काढतो. ड्रॉइंग मास्तरांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे म्हटले आहे. अंशकालीन या एका शब्दाने बरेच काही ठरते. ज्या पिढीने गावाला अक्षर दिले, तिचा वारस आता तासांवर मोजला जातो. जोडधंदा करणाऱ्याला आपण हौशी म्हणतो खरे, पण त्यातल्या कित्येकांसाठी नोकरी आणि धंदा दोन्ही अर्धेमुर्धेच आहेत. दोन अर्ध्यांतून एक घर चालते.

सरकारी नोकरांच्या बाबतीत नियमही आडवा येतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे परवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. प्रासंगिक कलात्मक किंवा साहित्यिक कामाला मात्र मोकळीक आहे. मग दुकानाचे नाव सुंदर कापून देणे ही कला की व्यापार? मीर मासूम यांना हा प्रश्न पडला नसावा. आजच्या माणसाला पडतो आणि म्हणून पाटीवर नाव भावाचे किंवा बायकोचे असते.

या सगळ्यात माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकाचे काय? आमचे इथे थेट काम आहे. ब्लेडला भाषा कळत नाही, त्याला फक्त कडा कळतात. मराठी शब्द टाईप करून तसाच कापायला दिला, तर प्रत्येक अक्षराची शिरोरेखा वेगळी कापली जाते आणि शब्दाचे तुकडे होतात. आधी सगळी अक्षरे संगणकात एकसंध जोडावी लागतात. उर्दूचे त्याहून अवघड. नस्तालीकमध्ये अक्षर अक्षराच्या अंगावर तिरके कलते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उर्दू मजकूर सरळ चिकटवला तर अक्षरे सुटी आणि उलट्या क्रमाने येतात. म्हणून १९९४ मध्ये आलेल्या इनपेजमध्ये लिहून, त्याची आकृती करून मग ती कोरल ड्रॉमध्ये आणतात. नंतर नको असलेला भाग चिमट्याने सोलताना खरी परीक्षा होते. नुक्ता हा सगळ्यात लहान तुकडा. तो सोललेल्या पट्टीबरोबर निघून गेला तर कळतही नाही. वरचा नुक्ता खाली गेला तर 'खुदा'चा 'जुदा' होतो. मराठीतही अनुस्वार गळला की 'चिंता'ची 'चिता' होते. इब्न मुकलांनी ज्या नुक्त्याने अक्षर मोजले, तोच नुक्ता इथे टेबलाखाली सापडतो.

हे बारीक वाटेल, पण पाटीचे प्रश्न लहान नसतात. आपल्या राज्यात २०२२ च्या दुरुस्तीने दुकानांवर मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असू नयेत असे ठरले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होते, तेही काढावे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १५ एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे स्पष्ट केले आणि उर्दू इथल्याच मातीतली असल्याचे नोंदवले. मराठी मोठी असावी आणि तिच्या शेजारी उर्दूही असावी, यात मला कधी विरोध दिसला नाही. बुरहानपूरच्या मशिदीत अरबी आणि संस्कृत शेजारी बसल्याच होत्या.

न्यायालय पाटी ठेवू शकते, पण पाटीवरचे अक्षर बरोबर असण्याची जबाबदारी कोणाची? ती त्या पाचनंतर भेटणाऱ्या माणसाची आहे. त्याला दोन्ही लिप्या वाचता आल्या पाहिजेत आणि वाचता येत नसतील तर विचारायला कोणी जवळ असले पाहिजे. उर्दू शाळेतली मुले मराठीही शिकतात. म्हणून हे काम त्यांच्याइतके नीट करणारा दुसरा कोणी मला दिसत नाही. वर्गात मी आता शुद्धलेखनाच्या तासाला खऱ्या पाट्या फळ्यावर लिहून त्यातल्या चुका शोधायला लावतो. मुलांना ते आवडते. उद्या त्यांतले कोणी दिवसा केळीचे हिशेब लिहील आणि रात्री अक्षरे कापील. गावाने त्याला नुसता हौशी म्हणू नये. आणि त्याने पैसे सांगितले तर घासाघीस करण्याआधी एकदा नुक्ते मोजून पाहावेत.