गुडघ्यातले वंगण : एका इंजेक्शनचा इतिहास

मी लहान असताना आमच्या मशिदीत शेवटच्या सफला एखादी खुर्ची असायची. आता जुम्म्याला दहा-बारा खुर्च्या लागतात. बायका घरीच नमाज पढतात, त्यामुळे त्यांच्या खुर्च्या कुणी मोजत नाही. आमच्या घरात अम्मीची खुर्ची तीन वर्षांपूर्वी आली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "गुडघ्यातले वंगण संपले आहे. जेलची तीन इंजेक्शने घेऊ." अम्मीने एवढेच विचारले, "सजदा करता येईल ना?" उत्तर आले, "येईल की!" उमऱ्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून आम्ही इंजेक्शने आणायचे ठरवले. तेवढ्यात एका नातेवाइकाने शंका काढली, "ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनवतात म्हणे. चालेल का?" त्या आठवड्यात मी तीन जाणकारांना हे हलाल आहे का, असे विचारले. त्याने गुण येतो का, हे मात्र एकालाही विचारले नाही. हा प्रश्न मला फार उशिरा सुचला, आणि त्याचे उत्तर शोधताना या औषधाचा इतिहास हाती लागला.

या औषधाचे नाव हायल्युरॉनिक ॲसिड. ते 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सापडले. शोधणारे कार्ल मेयर आणि त्यांचे सहकारी जॉन पामर. मेयर जर्मनीत जन्मलेले ज्यू. 1930 मध्ये ते अमेरिकेत गेले आणि तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांच्या परतीचा रस्ताच बंद झाला. डोळ्यांवरच्या संशोधनात त्यांनी गाईच्या डोळ्यातला काचेसारखा पारदर्शक गर तपासायला घेतला आणि त्यातून एक लांबलचक साखळीचा, साखरेच्या कुळातला पदार्थ वेगळा काढला. काचेला ग्रीक भाषेत 'हायलोस' म्हणतात. त्याला 'युरॉनिक ॲसिड' जोडून हे नाव तयार झाले. मेयर यांच्याच गटाने 1939 मध्ये हा पदार्थ सांध्यातल्या द्रवातूनही वेगळा केला. मात्र त्याची रासायनिक रचना पक्की व्हायला 1954 साल उजाडले.

सांध्यातला हा द्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट असतो. तो चिकटपणा हायल्युरॉनिक ॲसिडमुळे येतो. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते, सांधा सुजतो, तेव्हा हा द्रव पातळ होतो आणि त्याचे बळ कमी होते. मग बाहेरून तो भरला तर? हा विचार तर्काला धरून होता. तो तडीस नेला एन्ड्रे बालाझ यांनी. बुडापेस्टचे हे शास्त्रज्ञ महायुद्धानंतर आधी स्वीडनला आणि मग अमेरिकेला गेले. कोंबड्याच्या तुऱ्यात हा पदार्थ भरपूर असतो. तुऱ्यापासून तो इतका शुद्ध कसा काढायचा की शरीरात गेल्यावर सूज येणार नाही, हे कोडे त्यांनी सोडवले.

माणसांच्या आधी ही इंजेक्शने शर्यतीच्या घोड्यांना मिळाली. दुखावलेल्या सांध्यांवर ती दिल्याचा अहवाल 1970 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या सांध्यावरचा पहिला छोटा प्रयोग 1974 मध्ये छापून आला. पुढे 1980 च्या सुमारास हाच पदार्थ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत वापरला जाऊ लागला आणि तिथे तो आजही मोलाचा आहे. गुडघ्यासाठी 1987 च्या सुमारास जपान आणि इटलीत तो बाजारात आला. अमेरिकेत 1997 मध्ये परवानगी मिळाली.

ही परवानगी औषध म्हणून मिळालेली नव्हती, उपकरण म्हणून मिळाली होती. युक्तिवाद असा की हा पदार्थ शरीरात रासायनिक काम करत नाही, नुसते यंत्रातल्या तेलासारखे वंगण घालतो. पण सांध्यात भरलेले हायल्युरॉनिक ॲसिड फार काळ तिथे राहत नाही. साधे असेल तर काही तासांत, दिवसांत शरीर त्याचा निचरा करते. मग सहा महिने आराम मिळतो, तो कोणत्या वंगणाने? 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच जाहीर केले की या वर्गीकरणाचा फेरविचार करण्याचा आपला इरादा आहे.

दरम्यान चाचण्यांचा ढीग वाढत गेला. 2022 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकात 169 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात 21 हजारांहून अधिक रुग्ण होते. मोठ्या आणि नीट केलेल्या चाचण्यांत खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदना किती कमी झाली? 100 च्या मोजपट्टीवर सुमारे 2. हा फरक रुग्णाला जाणवण्याइतकाही नाही. उलट गंभीर त्रासाचे प्रमाण थोडे जास्त दिसले. अमेरिकन अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने 2013 मध्येच या इंजेक्शनांविरुद्ध शिफारस केली होती. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेचा सल्लाही 'देऊ नका' असाच आहे. काही तज्ज्ञगट आजही निवडक रुग्णांसाठी त्याला जागा देतात, हेही सांगितले पाहिजे.

मग "मला बरे वाटले" म्हणणारे खोटे बोलतात का? अजिबात नाही. या चाचण्यांत नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांनाही बरे वाटले. गुडघेदुखीला भरती-ओहोटी असते. भरतीच्या वेळी आपण दवाखाना गाठतो, आणि ओहोटीचे श्रेय सुईला देतो.

अम्मीलाही बरे वाटले. दीड-दोन महिने ती खाली बसून नमाज पढली. ईदला तिने मला हाक मारून सजदा करून दाखवला. मग खुर्ची परत आली. ते दिवस इंजेक्शनचे होते की ओहोटीचे, हे मी आजही सांगू शकत नाही. उमऱ्याच्या पैशांचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मीच मनात काढत असतो.

हलालचा प्रश्न गैर नव्हता. काही कंपन्या हा पदार्थ अजूनही तुऱ्यापासून काढतात, तर काही तो जिवाणूंपासून तयार करतात. कोणता घ्यावा याचा निर्णय उलेमांनी सांगावा, तो माझा अधिकार नाही. पण आपल्या समाजात हा एकच प्रश्न विचारून आपण थांबतो, असे मला वाटते. याने किती जणांना, किती काळ फरक पडतो? हे केले नाही तर काय होईल? दुसरा उपाय काय? हे डॉक्टरांना विचारणे बेअदबी नाही. कष्टाचा पैसा कुठे जातो, हे पाहणे ही आपलीच जबाबदारी आहे.

ज्या संस्था या इंजेक्शनला नाही म्हणतात, त्या व्यायाम आणि वजन कमी करण्याला मात्र ठामपणे हो म्हणतात. आता अम्मी असरनंतर पलंगावर पाय सरळ उचलण्याचा व्यायाम करते, मोठ्याने मोजत. जिना चढताना ती आता कमी थांबते. नमाज खुर्चीवरच पढते. शरियतने आजाऱ्याला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत फार पूर्वीच दिली आहे. ती सवलत घेताना अम्मीला पूर्वी लाज वाटायची. ती लाज घालवायला मी आधी मदत केली असती, तर कदाचित सुईची इतकी घाई झाली नसती.