दूध, हळद आणि कफ

मराठी घरात सर्दी-खोकला झालेल्या माणसाला दोन आज्ञा मिळतात. सकाळी: "दूध बंद, कफ होतो." रात्री, बहुतेक वेळा त्याच तोंडून: "हळद घालून दूध ठेवलंय, गरम आहे तोवर पिऊन टाक." एकाच फंक्शनमध्ये दोन विरुद्ध अटी, आणि कंपायलर गप्प! पिढ्यानपिढ्या हा कोड बिनतक्रार चालतोय. म्हटलं या वीकांताला बघूया, हे दोन्ही नियम आले कुठून.

पहिली आज्ञा फक्त आपलीच आहे असा माझा समज होता. तर तसं नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरोत राहणाऱ्या मायमोनिडीस नावाच्या ज्यू वैद्यानं दम्यावर एक ग्रंथ लिहिला, त्यातही दुधापासून जपून राहायचा सल्ला आहे. आयुर्वेदात दूध कफ वाढवणारं मानलंय हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. पण जुन्या ग्रंथांमधला बारकावा आपण गाळून टाकलाय. तिथं म्हटलंय की ताप नवा असताना दूध विषासारखं, आणि तोच ताप जुना, रेंगाळलेला झाला की अमृतासारखं. म्हणजे खरी अट दुधावर नव्हतीच, वेळेवर होती. आपण पॅरामीटर उडवला आणि नुसतं 'दूध बंद' एवढंच पाठ केलं. शिवाय आयुर्वेदातला कफ हा एक दोष, एक संकल्पना आहे. घशातून खाकरून काढतो तो बेडका म्हणजेच तो, असं समीकरण बोलीभाषेनं केलंय.

बरं, बेडका तरी वाढतो का? ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये काही संशोधकांनी हे मोजूनच पाहिलं. १९९० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ६० निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूची लागण केली, कोण किती दूध पितं याची नोंद ठेवली, आणि (जेवत असाल तर हे वाक्य सोडा) त्यांनी नाक शिंकरलेले रुमाल दहा दिवस वजन करून पाहिले. दूध आणि शेंबूड यांचा काही संबंध सापडला नाही. गंमत पुढे आहे. 'दुधानं कफ होतो' असं आधीपासून मानणाऱ्यांनी खोकला आणि चोंदल्याच्या तक्रारी जास्त केल्या, पण त्यांच्या रुमालांचं वजन इतरांइतकंच! नंतरच्या एका प्रयोगात गाईच्या दुधाऐवजी तसंच लागणारं सोयाचं पेय दिलं, तरी घसा भरून आल्याची तक्रार तशीच आली. दूध लाळेत मिसळलं की क्षणभर घट्टसर थर जाणवतो, तो आपण कफ समजतो, एवढंच काय ते.

यात हसण्यासारखं जेवढं आहे तेवढंच काळजीचंही आहे. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ इयन बाल्फोर-लिन यांनी २०१८ मध्ये याच समजुतीवर लेख लिहिला. कारण दमा किंवा फुप्फुसाचे जुने आजार असलेल्या मुलांचं दूध आईबाप परस्पर बंद करतात. चार दिवसांच्या सर्दीत दूध टाळलं तर काही बिघडत नाही. पण वर्षभर खोकणाऱ्या पोराचं दूध वर्षभर तोडलं तर कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून आणायची? (ज्यांना दुधाची ॲलर्जी आहे त्यांची गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टर सांगतील तेच.)

आता दुसरी आज्ञा. आजारी माणसाला गरम दुधात काहीतरी घालून पाजायचं, हेही जगभर दिसतं. इंग्लंडात शतकानुशतकं 'पॉसेट' नावाचा प्रकार होता. उकळत्या दुधात वाइन किंवा बिअर, वर मसाले. त्यामुळं दूध फाटायचं, वरचा फेसाळ चोथा चमच्यानं खायचा आणि तळातलं पाणी भांड्याच्या तोटीतून ओढायचं. आपल्याकडे "अगंबाई, दूध नासलं!" म्हणून मोरीत ओतलं असतं ते तिकडे सर्दीवरचं औषध! शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये लेडी मॅकबेथ राजाच्या पहारेकऱ्यांच्या पॉसेटमध्येच गुंगीचं औषध कालवते.

मग कारखाने आले. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक हे दोघे इंग्रज भाऊ अमेरिकेत गेले आणि १८८३ मध्ये त्यांनी माल्ट घातलेल्या दुधाच्या भुकटीचं पेटंट मिळवलं. सुरुवातीला हे लहान मुलांचं आणि आजाऱ्यांचं अन्न म्हणून खपत होतं. पण आजारी माणसं शेवटी मोजकीच, धंदा वाढवायचा तर आजार वाढवायला हवा. १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या जाहिरातींनी 'रात्रीची उपासमार' नावाचा चक्क एक नवा विकार शोधून काढला आणि त्यावर उतारा अर्थात हॉर्लिक्स. मार्केटिंगवाल्यांना मानलं पाहिजे. आपल्याकडे ही बाटली आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंब्यांबरोबर न्यायची वस्तू झाली. पुढे २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'आरोग्यपेय' या सदरातून काढायला सांगितली, आणि हॉर्लिक्सच्या मालकांनीही आपल्या मालाचं वर्गीकरण बदललं. साखर घातलेली भुकटी ती, तिला एवढा मान मिळाला हेच खूप.

हळदीवर मात्र खरीखुरी लढाई झाली. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना, दोघेही भारतीय वंशाचे, हळदीनं जखम भरण्याच्या उपयोगावर अमेरिकन पेटंट मिळालं. नीट वाचा, जखमेवर, दुधावर नाही. 'अमेरिकेनं आपलं हळदीचं दूध पळवलं होतं' असं सांगणारा फॉरवर्ड सपशेल चूक आहे. सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, म्हणजे गोव्यातल्या माशेलचे आणि मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या संस्थेनं १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. "आमची आजी हे करायची" हा पुरावा पेटंट कार्यालयात चालत नाही, छापील कागद लागतो. मग संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले ३२ संदर्भ शोधले, त्यात १९५३ चा एक वैद्यकीय निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. वर्तमानपत्रांनी याला हळदीघाटीची लढाई म्हटलं. मला स्वतःला त्यानंतरचं काम जास्त भावतं. २००१ पासून जुन्या ग्रंथांतल्या औषधयोगांचा एक डेटाबेस तयार व्हायला लागला, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानीत भाषांतरासह, म्हणजे परीक्षकाला पेटंट देण्याआधीच शोधता येईल. आजीची इंडेक्सिंग म्हणा ना.

पण 'हे आमचं आहे' सिद्ध झालं म्हणजे 'हे चालतं' सिद्ध झालं, असं नाही. इथंच आपली गल्लत होते. २०२० च्या मार्चमध्ये आयुष मंत्रालयानं १५० मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद सुचवली, त्याच वर्षी अमूलनं डबाबंद हळदीचं दूध आणलं, आणि हळदीच्या दुधाचं अक्षरशः पेव फुटलं. (पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची अशी पेवं होती, २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली.) हिशेब करून बघू. अर्धा चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम हळद, त्यात करक्युमिन सुमारे ३ टक्के, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या १९९८ च्या प्रयोगात माणसांना एकदम २ ग्रॅम करक्युमिन दिलं, तरी रक्तात ते जेमतेमच सापडलं. म्हणजे ४४ कप हळदीचं दूध, साडेसहा लिटर, आणि हाती जवळपास शून्य! सोबत मिऱ्यातलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर मात्र शोषण २० पट झालं. दुधात मिरपूड टाकणाऱ्या आज्यांना इथं एक सलाम, पण २० पट झालं तरी शून्याच्या जवळचंच ना.

मग बरं का वाटतं? त्याचं उत्तर बहुधा पातेल्याखालच्या आचेत आहे. कार्डिफमध्ये २००८ साली सर्दी झालेल्या ३० जणांना एकच फळांचं पेय गरम आणि साधं असं देऊन पाहिलं. नाकातून जाणारी हवा मोजली तर दोन्हीत फरक नाही, पण गरम पिणाऱ्यांना घसा, थंडी वाजणं, थकवा यातही लगेच आराम वाटला. साध्या पेयानं तेवढं झालं नाही.

त्यामुळं माझी निवड सोपी झालीये. दूध आवडत असेल तर गरम दूध, हळद चिमूटभर, मिरी दोन दाणे, सुंठ असेल तर उत्तम, आणि साय काढून टाकायची. दुधानं घसा चिकट वाटत असेल तर आल्याचं गरम पाणी, उगाच जबरदस्ती नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र कशातूनच द्यायचा नाही, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. आणि कॅफेत 'टर्मरिक लाटे' मागवण्याआधी मेनूकार्डाची उजवी बाजू बघा, तेवढ्यात घरी अर्धा किलो हळद येते.