पॅरिस, संध्याकाळचे 6.18

सोमवार, 15 एप्रिल 2019. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा. 1163 च्या सुमारास पायाभरणी झालेल्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या शिखराची डागडुजी सुरू होती, भोवती परांची बांधलेली होती. शिखराखालचे 16 तांब्याचे पुतळे चारच दिवसांपूर्वी उतरवले होते, हे नशीबच.

6.18. शिखर कोसळायला दीड तास. आगीची सूचना वाजली. आपल्या पारगावात तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजून गेले होते. निरोप नीट न कळल्यामुळे पहारेकरी शेजारच्या छोट्या इमारतीच्या माळ्यावर गेला. तिथे काहीच नव्हतं. आग मुख्य छतात होती.

हे छत समजून घेतलं पाहिजे. आपल्या लेण्याद्रीच्या चैत्यगृहात छताच्या फासळ्या कातळातच कोरलेल्या आहेत, सगळं एकसंध. नोत्र दामच्या गॉथिक शैलीतल्या कारागिरांनी मात्र एकेक दगड घडवून टोकदार कमानी उभ्या केल्या. त्या भिंतींना बाहेर रेटतात, म्हणून बाहेरून कमानदार टेकू दिले. या दगडी छतावर पाऊस अडवायला आणखी एक छत होतं: वर शिशाचे पत्रे, खाली शेकडो वर्षांच्या ओकच्या कैच्या. त्यांची दाटी इतकी की लोक त्याला 'रान' म्हणत. ते रान पेटलं होतं.

6.51. एक तास उरला. अग्निशमन दलाला फोन आत्ता गेला. मधली 33 मिनिटं सर्वांत महागात पडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

7.50 च्या सुमारास 1859 चं, सुमारे 96 मीटर उंचीचं शिखर दगडी छत फोडून आत कोसळलं.

8.30 नंतर खरा घोर लागला. आग उत्तरेच्या मनोऱ्यात शिरली. तिथल्या आठ घंटा लाकडी सांगाड्यावर टांगलेल्या. सांगाडा जळून घंटा पडल्या, तर मनोरा जाणार आणि त्यामागे अख्खी इमारत. जवान अरुंद जिन्याने वर चढले आणि तिथेच आगीशी भिडले.

रात्री 11 च्या सुमारास अधिकाऱ्यांनी सांगितलं: मनोरे आणि मुख्य बांधकाम वाचलं. दगडी छतही बहुतांशी टिकलं. कोणाचाही जीव गेला नाही. डिसेंबर 2024 मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं.

तशी 33 मिनिटं आपल्याकडे वाया जाऊ नयेत, म्हणून पारगावच्या आणि आसपासच्या गावांतल्या देवस्थान समित्यांना एक विनंती. यंदाच्या यात्रेची रोषणाई लावण्याआधी मंदिराची वायरिंग तपासून घ्या. माळ्याची किल्ली कोणाकडे असते आणि आग लागल्यास फोन कोणी करायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावा.