वेशीबाहेरची रात्र

हत्ती गेला आणि शेंपूट राहिलें, ही म्हण ज्यानें प्रथम योजिली त्याला विमानाची कल्पनाही नसेल. परंतु मध्यरात्रीनंतर मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाच्या स्थितीचें याहून नेमकें वर्णन सांपडणें कठीण आहे. लंडन ते मुंबई हें सुमारें ७,२०० किलोमीटरचें अंतर तो नऊ तासांत, बसल्या जागीं जेवीत व डुलक्या घेत काटतो. आणि मग गिरगांवांतील किंवा फोर्टांतील घरापर्यंत जे वीस-पंचवीस किलोमीटर उरतात, त्यांच्याच काळजीनें सामानाची वाट पाहतां पाहतां घड्याळाकडे पाहूं लागतो. ही अडचण विमानाबरोबरच जन्मास आली असें वाटणें साहजिक आहे. पण रात्रीं उशिरा आलेल्या मनुष्यास नगरांत घ्यावें कीं नाहीं, घ्यावें तर कोणीं व कोणत्या अटीवर, हा प्रश्न नगराइतकाच जुना आहे. मुंबईपुरता त्याचा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतु.

आपल्या जुन्या गांवांस वेस असे, आणि गडांस दरवाजे. ते सूर्यास्तानंतर मिटत. रायगडावर दूध घालण्यास गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यामुळें वर अडकली आणि तान्ह्या मुलाच्या ओढीनें अवघड कडा उतरून गेली, ही आख्यायिका मराठी घरांतून आजही मुलांना सांगितली जाते. तिच्यांत आपण आईचें धैर्य पाहतों, तें योग्यच आहे. पण त्याच कथेंत दुसरी एक गोष्ट आहे, ती अशी कीं, नियम दरवाजाचा असतो आणि संकट मात्र ज्याला उशीर झाला त्याचें असतें. उलट पक्षीं, ‘अतिथि’ या शब्दाचा अर्थच मुळीं ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो, असा परंपरेनें लावला आहे. दार लावण्याचा नियम आणि अवेळीं आलेल्यास देव मानण्याचा उपदेश, हीं दोन्ही एकाच समाजानें केलीं.

या दोहोंमधला भार ज्याच्या शिरावर पडे तो वेसकर. हें काम बहुधा महारांकडे असे. गांवची राखण करणारा, आल्यागेल्याची चौकशी करणारा, वाटसरूला वाट दाखविणारा हा मनुष्य स्वतः मात्र वेशीबाहेर राहत असे. ज्याच्या हातीं दार त्यालाच दाराच्या आंत घर नाहीं, हा आपल्या ग्रामव्यवस्थेंतला अन्याय वगळून वेशीची गोष्ट सांगणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. इंग्रजांनीं अठराव्या शतकाच्या आरंभीं आपल्या वस्तीभोंवतीं तट घातला आणि त्यास जमिनीच्या बाजूनें तीन मुख्य दरवाजे ठेविले : अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. इ. स. १७१८ त सेंट टॉमसचें देवालय उघडलें, त्यावरून मधल्या दरवाजास चर्च गेट हें नांव पडलें. इ. स. १७३९ त चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेव्हां मुंबईतल्या इंग्रजांच्या व व्यापाऱ्यांच्या उरांत धडकी भरली; आतां पाळी आपली, असें वाटून तटाबाहेर खंदक खणण्याचें काम हातीं घेण्यांत आलें, आणि त्यासाठीं व्यापाऱ्यांनीं वर्गणीही दिली. रात्रीं हे दरवाजे बंद होत. आंत कोठ्या, वखारी आणि पेढ्या. बाहेर ज्यांच्या श्रमावर त्या चालत त्या लोकांची वाढती वस्ती.

पुढें भीति सरली आणि तट नुसती अडचण होऊन बसला. इ. स. १८६२ त गव्हर्नर होऊन आलेल्या सर बार्टल फ्रियर यांच्या अमदानींत तो पाडण्यांत आला. जेथें चर्च गेट होतें तेथें इ. स. १८६४ त फ्लोरा फाउंटन उभें राहिलें. दरवाजा गेला, नांव मात्र पुढें रेल्वेच्या स्टेशनास चिकटून राहिलें. रोज लाखों माणसें ‘चर्चगेट’ म्हणतात, पण येथें एके काळीं रात्रीं अडसर पडत असे हें त्यांतल्या कितीकांच्या मनांत येत असेल ?

तट पडला तरी वेस नाहींशी झाली नाहीं. ती उत्तरेस सरकली. मुंबई हें बेट, आणि बेटाची खरी वेस म्हणजे खाडी. माहीम व वांद्रें यांच्यामध्यें पूर्वीं नावेनें जावें लागे. नाव भरती-ओहोटी पाहून चाले आणि पावसाळ्यांत जिवावरचें संकट ओढवे. इ. स. १८४५ त तेथें बांध-रस्ता झाला. त्याच्या खर्चासाठीं लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनीं मोठी देणगी दिली. येथून जाणाऱ्यांकडून टोल घेऊं नये, अशी त्यांची अट असल्याचें सांगतात. या शहराच्या इतिहासांत दार उघडण्याचें जें काम खासगी औदार्यानें झालें त्यांत हें अग्रगण्य मानावें लागेल.

त्यानंतर वेशीवर घड्याळ बसलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली, आणि दाराची किल्ली शिपायाकडून वेळापत्रकाकडे गेली. स्टेशनाबाहेर व्हिक्टोरिया गाड्या उभ्या राहूं लागल्या, इ. स. १८७४ त घोड्यांच्या ट्रॅम आल्या, इ. स. १९०७ त विजेच्या, इ. स. १९११ च्या सुमारास मोटार-टॅक्सी आली. गाडी चुकली तर टॅक्सी आणि टॅक्सी परवडत नसेल तर फलाटावरचा बांक, ही पायरी तेव्हांच ठरून गेली.

विमान आलें तें प्रथम दिवसाचा पाहुणा म्हणून. जुहूचें उड्डाणमैदान इ. स. १९२८ चें. तेथें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन उतरले ते भर दुपारीं. पावसाळ्यांत जुहूची जमीन इतकी चिखलमय होई कीं, त्या दिवसांत हीच सेवा पुण्याहून चालवावी लागे. रात्रीच्या प्रवाशाचा प्रश्न उद्भवण्याचें कारणच नव्हतें. तो उद्भवला सांताक्रूझला. युद्धकाळांत वाढलेल्या या विमानतळाकडे मुलकी वाहतूक गेली, आणि ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें. हा विमानतळ त्या वेळीं अक्षरशः वेशीबाहेर होता. अंधेरीपर्यंतचीं उपनगरें मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं तीं इ. स. १९५० त.

इ. स. १९६० त एअर इंडियाचीं जेट विमानें सुरू झालीं आणि मध्यरात्र हीच मुंबईची आगमनवेळ होऊन बसली. यांत गूढ कांहीं नाहीं. हिवाळ्यांत लंडनहून दुपारीं बारा वाजतां निघालें कीं नऊ तासांचा प्रवास, आणि त्यावर दोन्ही देशांच्या घड्याळांतला साडेपांच तासांचा फरक; मुंबईंत रात्रीचे अडीच वाजतात. युरोपानें आपली दुपार सोयीची करून घेतली, तिची रात्र आपल्या वांट्यास आली. इ. स. १९८० च्या सुमारास सहारचें टर्मिनल झालें, इ. स. २०१४ त त्याच ठिकाणीं भव्य नवी इमारत उघडली. पण तिच्या दाराबाहेर पाऊल टाकणाऱ्या मनुष्यापुढचा प्रश्न तोच राहिला.

त्या प्रश्नाचें आजचें उत्तर काय ? उपनगरी आगगाडी रात्रीं एकच्या सुमारास थांबते ती पहाटें चारच्या सुमारास पुन्हां चालूं लागते. आरेपासून निघणारी भुयारी मेट्रो इ. स. २०२४ त वांद्रें-कुर्ला संकुलापर्यंत व इ. स. २०२५ त कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि तिचीं स्थानकें दोन्ही टर्मिनलांपाशीं आहेत, ही मोठी सोय खरी. परंतु तीही मध्यरात्रीपूर्वींच निजते. रिक्षा मिळते, पण ती वांद्रें व शीव यांच्या अलीकडेच थांबते. जुन्या बेटावर तिला मज्जाव आहे. म्हणजे खाडीवर पूल झाले तरी खाडीची वेस कागदावर शिल्लक आहे ! उरली टॅक्सी. तिच्या मीटरवर मध्यरात्रीपासून पहाटें पांचपर्यंत पावपट अधिक आकार पडतो. त्याचा राग धरण्याचें कारण नाहीं; जागणाऱ्याला जागरणाचें मोल मिळालेंच पाहिजे. पण तें मोल ज्याला देतां येत नाहीं त्याचें काय, हें कोणीतरी विचारलें पाहिजे.

कारण मध्यरात्रीच्या विमानानें केवळ सुखवस्तु माणसें येतात असें नाहीं. इ. स. १९७० नंतरच्या दशकांत आखाती देशांकडे मजुरांची रीघ लागली. तींत रत्नागिरी-रायगडकडचे आपले कोंकणी बांधव पुष्कळ. दोन-दोन वर्षांनीं परतणारा असा मनुष्य दोरीनें करकचून बांधलेलें खोकें ढकलीत बाहेर येतो. घरीं आई आहे, न पाहिलेलें मूल आहे. टॅक्सीचें भाडें त्याच्या खिशांत नसतें असें नव्हे. पण त्या पैशाला घरीं किती वाटा फुटणार आहेत हें तो जाणतो. मग तो खोक्यावर डोकें टेकून पहिल्या गाडीची वाट पाहतो. हिरकणी कड्यावर होती. हा झगझगीत दिव्यांखालीं आहे. पण दोघांचीं मुलें दाराच्या पलीकडेच आहेत.

आणि टॅक्सीवाला ? इ. स. १९६० नंतर ‘प्रीमियर’ची लहानगी गाडी काळा-पिवळा रंग लेऊन या शहराची खूण झाली, त्या जातीची शेवटची टॅक्सी इ. स. २००३ त नोंदली गेली आणि वयोमर्यादा संपून इ. स. २०२३ त रस्त्यावरून उतरली. आतां मोबाइलवरून बोलाविलेली गाडीही दारांत येते. गाड्या बदलल्या, चालकाची स्थिति किती बदलली? त्यांतले पुष्कळ उत्तर प्रदेशांतून आलेले, कुटुंब गांवीं ठेवून राहणारे; कित्येक गाडींतच पाठ टेकतात. एका भाड्यासाठीं ते रांगेंत तासन्‌तास थांबतात. अपरिचित मनुष्यास अपरात्रीं त्याच्या घरच्या दारापर्यंत पोंचविणारा हा आजचा वेसकरच होय. आणि पूर्वीच्या वेसकराप्रमाणें ज्या नगराचें दार तो उघडतो त्यांत त्याला स्वतःला हक्काची खोली बहुधा नसते. जातीचें बंधन येथें नाहीं, हा भेद मोठा आहे. पण सेवा आंत आणि सेवक बाहेर, ही रीत मात्र ओळखीची वाटते.

मागणें फार नाहीं. रात्रीं एक ते चार या वेळांत विमानतळावरून दक्षिणेकडे व ठाण्याकडे सामान ठेवतां येईल अशा सार्वजनिक गाड्या ठराविक अंतरानें धांवाव्या, आणि रात्रपाळीच्या चालकास पाठ टेकण्यापुरती स्वच्छ जागा असावी. ज्या शहरांत १८४५ सालीं एका बाईच्या देणगीनें खाडीवर बांध पडला, त्याच्या आजच्या तिजोरीस एवढें जड जाऊं नये. शहराचा मोठेपणा त्याच्या विमानतळाच्या छतावरून मोजण्याची आपणांस संवय लागली आहे. तो पहाटेच्या तीन वाजतां, खोक्यावर बसलेल्या त्या मनुष्याच्या शेजारीं घटकाभर बसून मोजून पाहावा.